कड्यांचा बंदीकाळ : शिकारी पक्ष्यांची वीण आणि आरोहण-मनाईची पूर्वपीठिका

डोंगरकड्यांवर दोराच्या साह्यानें चढण्याचा छंद, ज्यास प्रस्तरारोहण असें नांव रूढ झालें आहे, तो महाराष्ट्रांत आतां चांगलाच रुजला आहे. मुंबईची 'गिरिविहार' ही संस्था १९५४ सालीं स्थापन झाली. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत सह्याद्रीचे अनेक अवघड कडे व सुळके तरुण मंडळींनीं सर केले. ज्या कपारींपर्यंत पूर्वीं बहुधा पांखरेंच पोंचत, तेथपर्यंत आतां माणसाचा हात पोंचूं लागला आहे. ह्याच कपारींत गिधाडें, बहिरी ससाणे व मोरघारी अंडीं घालतात. इंग्लंड व अमेरिका ह्या देशांत अशा कड्यांवर विणीच्या महिन्यांपुरती आरोहणास मनाई असते, व हंगाम संपला म्हणजे कडा पुन्हां मोकळा होतो. अशी पद्धत आपल्याकडे असावी काय, हा प्रश्न निघाला म्हणजे दोन आक्षेप ऐकूं येतात. पहिला असा कीं, ही कल्पना परदेशी असून आपल्या परंपरेंत तिला आधार नाहीं. दुसरा असा कीं, जो मनुष्य पक्ष्यास मारीत नाहीं व त्याचीं अंडींही उचलीत नाहीं, त्यास नुसत्या जाण्यायेण्याबद्दल अडविण्याचें कारण काय? प्रस्तुत लेखांत ह्या दोन आक्षेपांचा इतिहासाच्या दृष्टीनें विचार करावयाचा आहे.

आम्ही ज्या गांवीं बसून हें लिहीत आहों तें ढाणकी, यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यांतील पैनगंगेच्या खोऱ्याचें गांव. येथें नाशिक-पुण्याकडच्यासारखे ताशीव कडे नाहींत. दोर घेऊन चढणारी मंडळीही इकडे येत नाहींत. तरी विषय ह्या खोऱ्यास परका नाहीं. आमच्या लहानपणीं, म्हणजे सुमारें पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीं, शिवारांत ढोर मेलें कीं घटकाभरांत आभाळांत गिधाडांच्या घिरट्या दिसत व दुसऱ्या दिवशीं तेथें केवळ हाडें उरत. आज तें दृश्य सांगितलें तर मुलांस खरें वाटत नाहीं. गिधाड अन्नासाठीं फार दूरवर फिरतें. त्यामुळें एका तालुक्याच्या कड्यावरील घरट्याचा संबंध दुसऱ्या तालुक्याच्या शिवाराशीं असतो. कड्यावर काय घडतें ह्याची फिकीर सपाटीवरच्यांनींही केली पाहिजे, ती एवढ्याचसाठीं.

प्रथम ह्या पक्ष्यांचें व कड्यांचें जुनें नातें पाहूं. राजगृहाजवळील ज्या टेकडीवर भगवान् बुद्धांचा वास होता तिचें नांव गृध्रकूट, पालींत गिज्झकूट. पाली भाष्यकारांनीं ह्या नांवाची उपपत्ति दोन प्रकारें लावली आहे: शिखराचा आकार गिधाडासारखा म्हणून, किंवा त्या शिखरावर गिधाडें राहत म्हणून. दुसरी उपपत्ति ज्यांनीं सांगितली त्यांस गिधाडें कड्यावर वस्ती करितात ही गोष्ट ठाऊक होती, हें उघड आहे. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडांत पंख जळालेला संपाति पर्वतावर पडून राहिलेला असून त्याचा पुत्र सुपार्श्व त्यास अन्न आणून देतो. कथेंत पुत्र पित्यास भरवितो व सृष्टींत आईबाप पिलास भरवितात. तथापि कड्यावर बसून राहिलेला एक व दूरवरून अन्न घेऊन येणारा दुसरा, हें चित्र डोंगरांत राहणाऱ्यांच्या अवलोकनास धरून आहे.

ससाण्यांकडे पाहण्याची दृष्टि मात्र निराळी होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या 'मानसोल्लास' ह्या बाराव्या शतकांतील ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें श्येनविनोद सांगितला आहे. कुमाऊंच्या रुद्रदेवानें तर 'श्यैनिकशास्त्र' हा ह्या एकाच विषयावरील ग्रंथ रचिला. तो महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनीं १९१० सालीं छापून प्रसिद्ध केला. शिवकालीन अठरा कारखान्यांत शिकारखाना होता. बहिरी हा आपला शब्दही शिकारखान्यांतूनच आलेला, मूळ अरबी-फारशी 'बहरी'; ढाकच्या कड्यांतील बहिरी हा मात्र भैरव होय. दोन्ही नांवें एकाच कड्याच्या आश्रयानें नांदतात म्हणून त्यांचें मूळ एक समजूं नये. सारांश, गिधाडास मृतमांसभक्षक म्हणून दूर ठेवलें, ससाण्यास शिकारीचा चाकर म्हणून जवळ केलें. पण त्यांच्या घरट्यांस राजाचें अभय दिल्याचा उल्लेख ह्या ग्रंथपरंपरेंत आम्हांस आढळला नाहीं. परंपरेचा आधार शोधावयाचा तर तो ह्या पक्ष्यांच्या नांवाखालीं मिळावयाचा नाहीं. तो नियमांच्या स्वरूपांत शोधला पाहिजे.

तो नियम म्हणजे कालमर्यादित मनाई. कौटिलीय अर्थशास्त्राचें हस्तलिखित म्हैसूरच्या शामशास्त्री यांच्या हातीं १९०५ सालीं आलें व १९०९ सालीं तें मुद्रित झालें. त्यांतील सूनाध्यक्षाच्या अध्यायांत राजानें अभय दिलेल्या वनांतील पशुपक्ष्यांस मारणाऱ्यास दंड सांगितला आहे, व हंस, क्रौंच, चक्रवाक इत्यादि पक्षी विशेषेंकरून रक्षणीय ठरविले आहेत. ह्याहून महत्त्वाचें स्थळ तेराव्या अधिकरणांत आहे. नव्यानें जिंकलेल्या देशांत राजानें काय करावें हें सांगतांना कौटिल्य म्हणतो कीं, चातुर्मास्यांत पंधरा दिवस, पौर्णिमांच्या वेळीं चार दिवस, आणि राजाच्या व देशाच्या नक्षत्रावर एक दिवस प्राणिवध बंद ठेवावा. शिवाय मादीची व लहान पिलांची हत्या मना करावी. येथें दोन तत्त्वें एकत्र आलीं आहेत. एक, बंदी कायमची नसून तिला आरंभ व शेवट आहे. दुसरें, ज्या जीवावर पुढची पिढी अवलंबून, त्यास अधिक संरक्षण आहे.

अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत, जो राज्याभिषेकापासून सव्विसाव्या वर्षींचा आहे, हीच दोन तत्त्वें अधिक तपशिलानें येतात. अवध्य जीवांची लांबलचक यादी देऊन अशोक सांगतो कीं, गाभण किंवा दुभत्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी मारूं नयेत, तसेंच सहा महिन्यांच्या आंतलीं पिलें मारूं नयेत. तीन चातुर्मासी पौर्णिमा व तिष्य पौर्णिमा ह्यांच्या आसपासचे दिवस आणि उपोसथाचे दिवस मासे मारूं नयेत व विकूंही नयेत, आणि त्याच दिवशीं हत्तींच्या वनांत व कोळ्यांच्या राखीव पाण्यांत इतर जीवही मारूं नयेत. जीवजंतु असलेलें भूस जाळूं नये, आणि विनाकारण किंवा प्राणिनाशासाठीं वनास आग लावूं नये. यादींत पोपट, मैना, चक्रवाक, हंस, पारवे आहेत. गृध्र हा शब्द नाहीं. पण नियमाचा सांगाडा आजच्या बंदीकाळाचाच आहे: अमुक जीव, अमुक जागा, अमुक दिवस.

ही आज्ञा मगधापुरतीच राहिली असेल असें कोणास वाटेल, तर त्यानें विदर्भातील देवटेकच्या शिळेकडे पाहावें. चंद्रपूर जिल्ह्यांतील ह्या गांवीं सांपडलेल्या शिळेवर दोन लेख आहेत. त्यांतील जुना लेख ब्राह्मी लिपींतील असून त्यांत कोणा स्वामीची आज्ञा आहे कीं, चिकंबरी येथें प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई असावी. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं ह्या लेखाचा संबंध अशोकाच्या धर्ममहामात्राशीं जोडिला, व चिकंबरी म्हणजे देवटेकजवळचें चिकमारा हें गांव असें ठरविलें. त्याच शिळेवर पुढें कित्येक शतकांनीं वाकाटक रुद्रसेनाचा लेख कोरला गेला. विदर्भांतील एका नामनिर्दिष्ट जागेपुरती, लेखी व दगडावर कोरलेली अशी ही मनाई आहे. कड्याच्या पायथ्याशीं लावावयाच्या फलकाचा पूर्वज शोधूं गेल्यास तो आमच्याच प्रांतांत सांपडतो. तेव्हां पहिला आक्षेप टिकत नाहीं.

परंतु दुसरा आक्षेप ह्यानें सुटत नाहीं. कौटिल्य, अशोक, देवटेक, सर्वांनीं बंद केला तो वध किंवा बंधन. नुसत्या वावरण्यावर बंदी त्यांच्यांत नाहीं. प्रस्तरारोहक म्हणतो, 'मी मारीत नाहीं, पकडीत नाहीं'. त्यास ह्या लेखांतून उत्तर मिळत नाहीं. तें उत्तर दुसऱ्या एका जुन्या नियमांत आहे, आणि तो नियम म्हणजे वर्षावास.

विनयपिटकाच्या महावग्गांत वर्षावासाच्या नियमाची उत्पत्ति दिली आहे. प्रारंभीं भिक्षु हिवाळा, उन्हाळा व पावसाळा ह्या तिन्ही ऋतूंत हिंडत असत. लोकांनीं कुरकूर केली कीं, हे श्रमण पावसाळ्यांतही फिरून हिरवें गवत तुडवितात व बारीक जीवांचा नाश करितात; अन्य पंथांचे साधु ह्या दिवसांत एके ठिकाणीं राहतात, फार काय पांखरेंसुद्धां झाडांच्या शेंड्यांवर घरटीं करून स्वस्थ राहतात. त्यावरून भिक्षूंनीं पावसाळ्यांत एके ठिकाणीं वास करावा असा नियम झाला. जैन साधूंचा चातुर्मास ह्याच विचाराचा आहे, व गौतमधर्मसूत्रांतही भिक्षूनें वर्षाकाळीं एके स्थळीं स्थिर राहावें असें सांगितलें आहे. म्हणजे ब्राह्मण, बौद्ध व जैन ह्या तिन्ही परंपरांनीं एक गोष्ट मान्य केली: ज्याच्या मनांत हिंसा नाहीं त्याच्याही पावलानें विशिष्ट ऋतूंत हिंसा होते, आणि म्हणून त्या ऋतूपुरतें पाऊल आवरावें. ज्यांनीं हा नियम पाळला ते भिक्षु होते, शिकारी नव्हते; त्यांचा हेतु शुद्ध होता ह्याविषयीं कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती वेळेविषयीं.

ह्या नियमाचा सह्याद्रीच्या कड्यांशीं प्रत्यक्ष संबंध आहे, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे. भाजें, कार्लें, जुन्नर, नाशिक येथील विहार ज्या कड्यांत कोरले, ते पावसाळ्यांत भिक्षूंनीं एके ठिकाणीं राहावें ह्या गरजेशीं निगडित आहेत. कडा खोदणारा मनुष्य तेथें आला तो आपल्या हिंडण्यास आळा घालण्यासाठीं. अर्थात् वर्षावास व आजचा बंदीकाळ ह्यांत फरक आहे, तो लपवूं नये. वर्षावास स्वतःहून स्वीकारलेला व सर्व ठिकाणीं सारखा; बंदीकाळ बाहेरून लावलेला व एकेका कड्यापुरता. शिवाय एकाचा ऋतु पावसाळा, तर दुसऱ्याचा, पुढें दिसेल त्याप्रमाणें, हिवाळा व उन्हाळा. परंतु मूळ युक्तिवाद एकच आहे.

आतां कड्यावर चढणाऱ्या माणसाचा इतिहास पाहूं. कडे चढणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नाहीं. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे यांनीं कोंढाण्याचा कडा चढून गड घेतला, ही गोष्ट महाराष्ट्रांत शाळेंतल्या मुलासही माहीत आहे. मधाचीं पोळीं काढणारे डोंगरांतले लोक दोर सोडून कड्यावर उतरत आले आहेत. परंतु हे चढणें-उतरणें गरजेचें, क्वचितचें व एकदांचें असे. उलट गडकऱ्यांचा सारा कटाक्ष कडे चढतां येऊं नयेत ह्यावर होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दुर्गांविषयीं स्वतंत्र प्रकरण आहे, व त्यांत गडावर येण्याच्या अवघड वाटा मोडून बंद करण्याविषयीं ताकीद आहे. पक्ष्यांस त्याचा अप्रत्यक्ष लाभ झाला असला पाहिजे असा आमचा तर्क आहे. आजचें आरोहण ह्याहून वेगळें आहे. एकाच मार्गानें, खिळे ठोकून, दर सुटीच्या दिवशीं नवी तुकडी चढते; एक तुकडी कपारीजवळ तासन्‌तास असते. माणूस तोच, कडा तोच. बदलली ती वारंवारता.

पाश्चात्य देशांतील कायद्याचा प्रवास पाहिला तर तोही वधबंदीकडून वावरबंदीकडे आलेला दिसतो. इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यावर बेम्प्टनचे पांढरे कडे आहेत. तेथें दोरानें कड्यावर लोंबकळून समुद्रपक्ष्यांचीं अंडीं गोळा करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या होते. दुसरीकडे होड्यांतून येऊन बंदुकीनें पक्षी टिपण्याचा शौक माजला होता. केंब्रिजचे प्राध्यापक आल्फ्रेड न्यूटन यांनीं १८६८ सालीं ह्याविरुद्ध आवाज उठविला, व १८६९ सालीं समुद्रपक्षी-संरक्षणाचा कायदा झाला. त्यानें १ एप्रिल ते १ ऑगस्ट हा बंदीकाळ ठरविला. पण अंडीं गोळा करण्यास त्यांत मोकळीक राहिली, आणि बेम्प्टनचा तो धंदा १९५४ च्या पक्षिसंरक्षण कायद्यापर्यंत चालला.

हिंदुस्थानांत १८८७ सालीं वन्यपक्षी-संरक्षणाचा कायदा झाला. त्यानें नगरपालिका व छावण्या ह्यांच्या हद्दींत विणीच्या हंगामांत मारलेले पक्षी बाळगण्यास व विकण्यास मनाई करण्याचा अधिकार दिला. त्याच्या जागीं १९१२ चा वन्यपशुपक्षी-संरक्षण कायदा आला. त्यानें परिशिष्टांतील जातींसाठीं प्रांतिक सरकारांनीं बंदीकाळ ठरवावा अशी तरतूद केली. (वऱ्हाड हा निजामाकडून इंग्रजांकडे कारभारास आलेला मुलूख असल्यामुळें येथें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे स्वतंत्र हुकुमानें लागू करावे लागत, हें अभ्यासकांनीं ध्यानांत ठेवावें.) ह्या १९१२ च्या परिशिष्टांत माळढोक, बदकें, तित्तिर, मोर, लावे, बगळे, नीलकंठ, खंड्या इत्यादि आहेत, गिधाड नाहीं व ससाणाही नाहीं. कारण स्पष्ट आहे. बंदीकाळ हा शिकाऱ्यास पुढच्या वर्षीं शिकार मिळावी किंवा पिसांच्या व्यापारानें जाति संपूं नये म्हणून होता. शिकारी पक्षी हे शिकाऱ्याचे प्रतिस्पर्धी मानले जात. खुद्द इंग्लंडांत १९४० सालीं, लष्करी संदेश नेणाऱ्या कबुतरांस बहिरी ससाणे मारतात म्हणून, त्यांचा नाश करण्याचा सरकारी हुकूम निघाला होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानें १९५१ सालीं आपला वेगळा कायदा केला. विदर्भ तेव्हां मध्यप्रदेशांत होता. सबंध देशासाठीं म्हणून आला तो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा.

ह्या १९७२ च्या कायद्यांतील एका व्याख्येकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. 'शिकार' ह्या शब्दाच्या व्याख्येंत वन्य पक्ष्यांचीं अंडीं फोडणें तर आहेच, पण अंड्यांस किंवा घरट्यास उपद्रव देणें हेंही त्यांत आहे. म्हणजे ज्यानें बंदूक हातीं धरली नाहीं, त्याचें घरट्यास उपद्रव देणेंही कायद्याच्या दृष्टीनें शिकार ठरूं शकतें. महावग्गांतील लोकांची कुरकूर व आजच्या कायद्याची व्याख्या ह्यांत अडीच हजार वर्षांचें अंतर आहे, पण विचार तोच आहे. उणीव आहे ती एवढीच कीं, कायदा गुन्हा सांगतो, दिनांक सांगत नाहीं. कोणत्या कड्यावर, कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत जाऊं नये हें प्रत्येक ठिकाणीं पाहून ठरवावें लागतें, व तेंच काम बंदीकाळ करितो.

नुसत्या जवळ जाण्यानें हानि कशी होते, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कपारींत बसलेला पक्षी माणूस जवळ येतांच उठतो. तो जोंवर परत येत नाहीं तोंवर अंडें उन्हांत तापतें किंवा गारठतें, कावळ्यास संधि मिळते, आणि न उडतां येणारें पिलूं घाबरून कडेवरून खालीं पडण्याचा धोका असतो. एकदां उठल्यानें नाश होईलच असें नाहीं. पण दर रविवारीं उठावें लागलें तर पक्षी ती जागा सोडतो. आणि कपारी अमर्याद नाहींत. वर छत, खालीं सपाट जागा व समोर मोकळी हवा अशी कपार सांपडली म्हणजे वर्षानुवर्षें तीच वापरली जाते.

परदेशांत हा नियम कसा रूढ झाला, तें बहिरी ससाण्याच्या कथेवरून कळतें. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी व तत्सम कीटकनाशकांमुळें ह्या पक्ष्याच्या अंड्यांचीं कवचें पातळ होऊन तीं बसण्याच्या भारानें फुटूं लागलीं. डेरेक रॅटक्लिफ यांनीं १९६७ सालीं जुन्या संग्रहांतील कवचें मोजून ही गोष्ट उघडकीस आणिली. अमेरिकेंत १९७२ सालीं डीडीटीवर बंदी आली. योसेमिटीच्या एल् कॅपिटान ह्या प्रचंड कड्यावर १९७८ सालीं बहिरी ससाण्यांची एक जोडी पुन्हां आढळली, आणि ती पाहिली प्रस्तरारोहकांनींच. पुढें नाजूक अंडीं काढून त्यांच्या जागीं पिलें ठेवण्याच्या कामीं त्यांच्याच दोरांचा उपयोग झाला. आज तेथें १ मार्च ते १५ जुलै घरट्यांच्या आसपासचे ठराविक मार्ग बंद ठेवितात, बाकीचा कडा मोकळा असतो. इंग्लंडांतील आरोहकांची मध्यवर्ती संस्था दर वर्षीं अशा कड्यांची यादी प्रसिद्ध करिते. पिलें लवकर उडालीं किंवा त्या वर्षीं घरटेंच झालें नाहीं तर बंदी मुदतीपूर्वीं उठविते. अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादींतून हा पक्षी १९९९ सालीं वगळतां आला. ह्यांत शिकण्यासारखी गोष्ट ही कीं, आरोहक हा तेथें आरोपी नसून पहारेकरी झाला.

आपल्याकडील गिधाडांची कथा ह्याहून दारुण आहे. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत देशांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें ९९.९ टक्क्यांनीं घटलीं, व लांब चोचीचीं सुमारें ९७ टक्क्यांनीं. कारण जनावरांस दिलें जाणारें डायक्लोफेनॅक हें औषध होतें, हें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें सिद्ध झालें. भारतानें पशूंसाठीं त्यावर २००६ सालीं बंदी घातली, आणि एसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन ह्यांवर २०२३ सालीं. कड्यावर चढणाऱ्यांमुळें गिधाडें नाहींशीं झालीं असें कोणीं म्हणूं नये. तें खोटें आहे. परंतु शंभरांतलीं तीन उरलीं म्हणजे प्रत्येक घरट्याचें मोल वाढतें. पांढऱ्या पाठीचें गिधाड झाडावर घरटें करितें, लांब चोचीचें मुख्यतः कड्यावर. मादी वर्षांत एकच अंडें घालते. तें उबविण्यास सुमारें पन्नास दिवस लागतात, पिलूं पुढें साडेतीन-चार महिने कपारींत असतें, आणि तें वयांत येण्यास सुमारें पांच वर्षें जातात. आज्ञापत्रांत अमात्यांनीं रयतेच्या आंब्याफणसास हात लावूं नये असें बजाविलें, त्याचें कारण हींच झाडें एका-दोन वर्षांत होत नाहींत, हें होतें. गिधाडाच्या अंड्यास तोच न्याय लागू आहे.

येथें महिन्यांचा प्रश्न येतो, व आमच्या मतें तोच ह्या सर्व विषयाचा कणा आहे. इंग्लंड-अमेरिकेंतील बंदीकाळ वसंतांत सुरू होऊन जून-जुलैंत संपतो. तेथील तारखा जशाच्या तशा उचलून येथें लाविल्या तर कांहींच उपयोग नाहीं. लांब चोचीच्या गिधाडाची वीण नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते व पिलें एप्रिल-मे महिन्यांत उडतात; शाहीन, म्हणजे आपल्याकडील बहिरी, डिसेंबर ते एप्रिल ह्या काळांत घरटें करितो. आतां प्रस्तरारोहणाचा हंगाम पाहा. पावसाळ्यांत कडे निसरडे असतात, वैशाखांत तापून हात लावूं देत नाहींत. चढण्याचे दिवस ते दसऱ्या-दिवाळीपासून होळीपर्यंतचे. म्हणजे पक्ष्याचा व आरोहकाचा हंगाम येथें बहुतांशीं एकच पडतो. म्हणून सरसकट सर्व कड्यांस बंदी घातली तर आरोहणच बंद होईल, व कोणी ती पाळणार नाहीं. मुळींच घातली नाहीं तर घरट्यास एकही निवांत महिना मिळणार नाहीं. उपाय एकच उरतो: ज्या कड्यावर त्या वर्षीं घरटें आहे तेवढाच कडा, किंवा त्याचा तेवढाच भाग, घरटें आहे तोंवरच बंद. चिकंबरीच्या आज्ञेप्रमाणें जागेचें नांव घेऊन, व अशोकाच्या आज्ञेप्रमाणें दिवस मोजून.

ह्या दिशेनें देशांत कांहीं पावलें पडलीं आहेत. बंगळूरजवळ रामनगर येथील रामदेवरबेट्ट हा कडा आरोहकांचें आवडतें ठिकाण होता. १९७५ च्या 'शोले' ह्या चित्रपटामुळें तो भाग देशभर परिचित झाला. तेथें लांब चोचीचीं गिधाडें घरटीं करितात, म्हणून कर्नाटक सरकारनें २०१२ सालीं सुमारें ३४६ हेक्टर क्षेत्र गिधाड-अभयारण्य म्हणून जाहीर केलें, व कड्यावर जाण्यास निर्बंध आले. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यांतील अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची वस्ती आहे. त्या डोंगरास २०१७ सालीं संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. अंजनेरीवर भाविक, गिर्यारोहक, वनस्पतींचे अभ्यासक व गिधाडें असे चौघेही येतात. तेथें कायमची बंदी घालणें योग्यही नाहीं व शक्यही नाहीं, आणि काळाची बंदी कशी असावी हें ठरविण्यास तेंच योग्य स्थळ आहे. विदर्भांत हरियाणांतील पिंजोरच्या केंद्रांत वाढविलेलीं वीस गिधाडें जानेवारी २०२४ मध्यें आणिलीं, दहा पेंचला व दहा ताडोब्याला. पिंजऱ्यांत वाढविलेलें एक गिधाड मोकळें सोडण्यास किती वर्षें व किती माणसें लागतात हें पाहिलें, म्हणजे कड्यावर आपोआप वाढणाऱ्या एका पिलाची किंमत कळते.

एवंच, पहिल्या आक्षेपास उत्तर हें कीं, जागा व दिवस नेमून मनाई करण्याची पद्धत ह्या देशांत किमान अशोकाइतकी जुनी असून तिचा एक पुरावा विदर्भांतच आहे. दुसऱ्या आक्षेपास उत्तर हें कीं, अहिंसकाच्याही पावलास ऋतूपुरता आळा घालण्याचा विचार वर्षावासांत स्पष्ट आहे, व १९७२ च्या कायद्यानें तोच निराळ्या शब्दांत सांगितला आहे. राहिलें तें व्यवस्थेचें काम. वन विभाग, आरोहकांच्या संस्था व पायथ्याच्या गांवचे लोक ह्या तिघांनीं मिळून दर वर्षीं दिवाळीपूर्वीं कडे पाहावेत, घरटीं नोंदवावींत, बंद मार्गांची यादी फलकावर लावावी, आणि पिलूं उडालें कीं तो फलक काढावा. फलक काढण्याचें काम लावण्याइतकेंच महत्त्वाचें समजावें. शेवट नसलेली बंदी कोणी मनापासून पाळीत नाहीं, हें कौटिल्य जाणून होता.

शेवटीं इतिहासाच्या अभ्यासकांस एक विनंती. गिधाड, घार, ससाणा ह्यांच्या नांवांवरून पडलेलीं कड्यांचीं, टेकड्यांचीं व शिवारांचीं नांवें गांवोगांव आहेत. जुने नकाशे, जमाबंदीचे कागद, देवस्थानांच्या आख्यायिका ह्यांत तीं विखुरलेलीं आहेत. अशा नांवांची, आणि एखाद्या कड्यावर विशिष्ट दिवसांत न जाण्याची रूढि कोठें असल्यास तिची, जागेच्या निश्चित निर्देशासह टिपणें करून तीं संशोधन मंडळाकडे पाठवावींत. पूर्वीं कोणत्या कड्यांवर हे पक्षी होते ह्याची यादी त्यांतून तयार होऊं शकेल, व आज कोणत्या कड्यांकडे प्रथम पाहावें हें वन विभागास सांगतां येईल. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील टिपणें जमविण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें आहे.